घरदुरुस्तीच्या धंद्यासाठी वेबसाइट करायची आहे (कोल्हापूर). काय घालू, काय नको?

ओळंबा | शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतोय इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं काम घरदुरुस्तीचं. वडील गवंडी. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सहा वर्षं झाली, त्यांच्याबरोबरच आहे. नवीन बांधकाम आम्ही घेत नाही. टेरेसची गळती, बाथरूम काढून नवीन करणं, किचनचा ओटा, फरशी बदलणं, जुन्या घरात संडास आत घेणं, अशी कामं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, राजारामपुरी, फुलेवाडी, कळंबा रोड, कधी इचलकरंजीपर्यंत. आजवर सगळी कामं तोंडओळखीवर आली. एका घरी काम चालू असलं की शेजारचे येऊन बघतात, दोन प्रश्न विचारतात, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं काम निघतं.

वेबसाइटचं डोक्यात आलं ते एका घरामुळं. काकू-काका दोघंच राहतात. बाथरूमचं माप घेतलं, अंदाजपत्रक दिलं, काकूंना पसंत होतं. मग त्या म्हणाल्या, "तुमची वेबसाइट वगैरे आहे का रे? मुलगा पुण्याला असतो, पैसे तोच देणार. त्याला दाखवलं असतं." माझ्याकडं दाखवायला व्हॉट्सॲपवरचे अकरा फोटो होते, तेही धुरकट. काम गेलं. दिवाळीनंतर अजून एक तसंच गेलं, तिथं मुलगी हैदराबादला.

एका ठिकाणी चौकशी केली तर ४५,००० रुपये सांगितले. दहा पानं, वर सरकणारे फोटो, खाली ग्राहकांचे अभिप्राय. नमुना दाखवला त्यात लाकडी घरं, गालिचे, फायरप्लेस. मजकूर: "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही." बाबांनी बघितलं आणि म्हणाले, ह्यात आपलं काय आहे?

मला खर्चाची भीती नाही, पण पैसे योग्य जागी जावेत. ज्यांनी केलंय, किंवा ज्यांनी अशा साइट बघून माणूस निवडलाय, त्यांनी सांगा की.

कोडवाला | शुक्रवार, रात्री ११:०२

दादा, मी हेच काम करतो, उजळाईवाडीला असतो. तुमच्या बाबांनी एका वाक्यात बरोबर बोट ठेवलंय.

दहा पानं नकोत. पहिलं पान, केलेल्या कामांची पानं, तुम्ही कोण ते सांगणारं एक पान आणि संपर्क. बस. वाढवायची असतील तर कामांची पानं वाढवा. दर महिन्याला एक काम टाकलंत तरी वर्षात बारा होतात, आणि ती बारा पानंच तुमची वेबसाइट. बाकी सगळं त्यांचं दार.

फोटो विकतचे किंवा नेटवरचे एकही नको. ज्याला तुमचं काम बघायचंय त्याला कोल्हापुरातलं बाथरूम बघायचंय. कडाप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी उखडलेली, टेरेसवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा चाललेला, हे दिसलं की त्याला कळतं की हा माणूस आपल्यासारख्या घरात काम करतो.

फोटो काढायची एक सवय लावून घ्या. काम सुरू व्हायच्या आधी दारात उभं राहून, छातीच्या उंचीवर फोन धरून एक फोटो. तोडफोड झाल्यावर त्याच जागेवरून एक. वॉटरप्रूफिंग झाल्यावर एक, फरशी बसल्यावर एक, शेवटी एक. जागा तीच, उंची तीच. दिवसा काढा आणि खोलीतले दिवेही लावा. दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवू नका, तिथं तो आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तुमचे अकरा फोटो त्यामुळंच धुरकट झाले असणार.

साइटवर चढवताना मात्र उलटं. फोनमधला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसे वीस फोटो एका पानावर टाकले तर रेंज कमी असलेल्या फोनवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. लांबी-रुंदी कमी करून वेबपी नावाच्या प्रकारात बदलले की एकेक फोटो शंभर-दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, तिथं पत्ता टाकून बघायचं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, ही गूगलने स्वतः घालून दिलेली मर्यादा आहे. वर सरकणारे मोठे फोटो असतील तर पहिल्यांदा तेच काढून टाका.

सावलीतलं घर | शनिवार, सकाळी ८:३०

मी त्या पुण्यातल्या मुलाच्या जागी होते म्हणून लिहिते. फक्त मी बेंगळुरूला.

आईबाबा दुधाळीच्या बाजूला राहतात. २०१९ ला पुराचं पाणी पहिल्यांदा घरात आलं, जुलै २०२१ ला परत आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, मला निघताही येईना. पाणी ओसरल्यावर आत्याच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. ट्रॉल्यांचं प्लाय फुगून पुस्तकासारखं उघडलेलं, भिंतीचे छातीपर्यंत पापुद्रे सुटलेले.

तेव्हा रात्र रात्र बसून मी कोल्हापुरातल्या साइट बघितल्या. मला काय हवं होतं ते आजही पाठ आहे. पूर आलेल्या घरात ह्यांनी कधी काम केलंय का? भिंत किती दिवस सुकू द्यायची? लगेच पुट्टी-रंग करा म्हणणारा माणूस मला नको होता. खालचे प्लग पॉइंट वर घेता येतील का? ओट्याखाली प्लायऐवजी दगडाचे कप्पे होतील का? काम चालू असताना सत्तरीतली दोन माणसं त्या घरात राहू शकतील का, की त्यांना काकांकडं पाठवायचं? आणि पैसे कधी कधी, किती किती द्यायचे?

एकाही साइटवर ह्यातलं एक वाक्य नव्हतं. सगळीकडं हसणारं कुटुंब आणि "स्वप्नातलं घर". माझं होतं ते घर मला परत हवं होतं.

शेवटी ज्यांना काम दिलं त्यांची साइटच नव्हती. बाबांच्या मित्राच्या घरी त्यांनी केलेलं काम बाबा स्वतः जाऊन बघून आले, हात फिरवून बघितला, त्या मित्राला खर्च विचारला, आणि मला फोन केला. बाबांना जे करता आलं ते मला करता येत नव्हतं, एवढीच माझी अडचण होती. ओळंबा, तुमच्या साइटने लांबच्या माणसाला तेवढं करू दिलं तरी खूप झालं. जाऊन बघणं, हात फिरवणं, शेजाऱ्याला विचारणं.

शिरोलीकर | शनिवार, दुपारी १:१०

सावलीताईंचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पाणी अंगणात येऊन थांबलं होतं.

माझं फर्निचरचं काम. वेबसाइट करून पाच वर्षं झाली, त्यातला एक धडा सांगतो, फार महाग पडलेला. ज्याने साइट केली त्यानेच डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं. त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. मला वाटलं पैसे मी दिलेत म्हणजे माझंच आहे. तीन वर्षांनी त्याने धंदा बंद केला, फोन लागेना. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिल्या. एके दिवशी साइट उघडेना. नाव परत मिळवायच्या मुदतीही टळून गेल्या होत्या, दुसऱ्याच कुणी तरी ते उचललं. गाडीवर, कार्डावर, दुकानाच्या पाटीवर तेच नाव रंगवलेलं. सगळं परत केलं.

म्हणून: डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास लागतात, शक्य असेल तर तीन-चार वर्षांचे एकदम भरा. होस्टिंगचा (साइट नेटवर ठेवायच्या जागेचा) आणि साइटचा पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवा. साइट करणारा कितीही ओळखीचा असो. जागेचा सातबारा आपण मिस्त्रीच्या नावावर करतो का?

ओळंबा | शनिवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीताई, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पुराच्या घराला घाई करायची नाही. खराब गिलावा विटेपर्यंत खरवडायचा, भिंत उघडी ठेवायची, दारं-खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यायचा, मग नवा गिलावा. ओल आत असताना रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात तो परत सुटणार. मी म्हटलं, हे असंच्या असं लिहितो. तर म्हणाले, हे काय लिहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

पण सगळ्यांना माहीत नसतं ना.

आता अडलंय दरावर. बाबांचं म्हणणं, दर लिहायचा नाही. लिहिला की गिऱ्हाईक तोच धरून बसतं, आणि आमच्या कामात भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. मला वाटतं काहीतरी आकडा पाहिजे. तुम्ही काय म्हणता?

लक्ष्मीपुरी | शनिवार, रात्री १०:२०

माझं सॅनिटरी आणि टाइल्सचं दुकान, तीस वर्षं गिऱ्हाईक बघतोय. बाबांचं बरोबर आहे. चौरस फुटाचा दर लिहू नका. एकाच मापाच्या दोन बाथरूममध्ये नुसत्या नळ आणि कमोडमध्येच दुपटीचा फरक पडतो. आणि दर वाचून फोन करणारा माणूस दरावरच भांडतो. त्याला ४० पैसे कमी करून देणारा भेटला की तो गेला.

आर्किताई | रविवार, सकाळी १०:०५

लक्ष्मीपुरी काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मी अर्धीच सहमत. दर नको, खर्च हवा. दर म्हणजे पुढच्या कामाबद्दल दिलेला शब्द. खर्च म्हणजे झालेल्या कामाची हकिगत. "ह्या घरी, ह्या मापाच्या बाथरूमला, ह्या महिन्यात एकूण इतके लागले, त्यातले इतके टाइल्स आणि फिटिंगचे मालकाने स्वतः दिले" असं लिहिलं तर कुणी त्याला बांधून ठेवू शकत नाही, आणि वाचणाऱ्याला आपलं काम पन्नास हजारांचं आहे की दोन लाखांचं ते तरी समजतं. आकडा जीएसटी धरून आहे की सोडून, तेही लिहायचं. महिना आणि वर्ष लिहायला विसरू नका, सिमेंट-टाइल्सचे भाव हलत असतात.

आणि अंदाज चुकला असेल तर तोही लिहा. अंदाज इतका होता, खर्च इतका झाला, कारण भिंतीत हे सापडलं. माझ्याकडं येणाऱ्या माणसांची खरी भीती खर्चाची नसते. काम अर्ध्यात आल्यावर आकडा बदलतो आणि तेव्हा आपण अडकलेले असतो, ह्याची भीती असते. तो आकडा का बदलतो आणि बदलायच्या आधी तुम्ही मालकाला कसं सांगता, हे ज्या साइटवर दिसेल तिथं माणूस थांबतो.

अजून एक. तुम्ही काय करत नाही ते ठळक लिहा. पेठांतली जुनी घरं बहुतेक लोडबेअरिंग आहेत, वरचा भार भिंतींवरच असतो. मालक म्हणतो, दोन खोल्यांची मधली भिंत काढून हॉल मोठा करा. फोटोत छान दिसतं म्हणून काही जण काढूनही देतात. "स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आम्ही जुन्या घराची भिंत काढत नाही" हे एक वाक्य पहिल्या पानावर असू दे. काही फोन कमी येतील. जे येतील ते योग्य माणसांचे येतील. फरशी, गिलावा, रंग ह्याला महापालिकेची परवानगी लागत नाही, पण खोली वाढवणं, भिंती हलवणं, वर मजला चढवणं ह्याला लागते, आणि ती काढायला वेळ जातो. लोकांना हा फरक माहीत नसतो. तुमच्या साइटवर तो साध्या भाषेत असला तर लोक तो वाचायला म्हणून तरी येतील.

लक्ष्मीपुरी | रविवार, दुपारी १२:४०

ताई, हे पटलं. झालेल्या कामाचा खर्च लिहायला हरकत नाही. माझ्याकडून नेलेल्या मालाची यादी दुकानात असतेच, ओळंबांनी मागितली तर कुठल्याही कामाची काढून देईन.

टाकसाळ | रविवार, संध्याकाळी ६:१५

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी छपाईत आयुष्य काढलं, अक्षरांशी रोजचा संबंध.

साइट मराठीत करा. लांबच्या मुलासाठी इंग्रजी पान जोडा हवं तर, पण मूळ मराठीत, कारण निर्णय दोघांचा असतो. मुलगा लिंक उघडतो, आवडली तर आईवडिलांना पाठवतो, आणि आई ती फोन लांब धरून वाचते.

मजकूर युनिकोडमध्येच (फोनवर आपण मराठी टाइप करतो तेच) टंकलेला हवा. पत्रिका, बॅनर करणाऱ्यांकडं जुने फॉन्ट असतात, त्यातला मजकूर उचलून साइटवर टाकला की भलतीच अक्षरं दिसतात. मग ते लोक त्याचं चित्र करून चिकटवतात. चित्रातली अक्षरं गूगलच्या शोधात जवळजवळ हरवल्यासारखीच. "टेरेस गळती कोल्हापूर" असं कुणी शोधलं तर ते शब्द पानावर खरे शब्द म्हणून असले पाहिजेत.

फॉन्ट मुक्ता घ्या, बालू घ्या, दोन्ही मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी केलेले, फुकट वापरता येतात. आधी त्यात "दुसऱ्या", "कोऱ्या", "ळ", "क्ष" लिहून बघा. इंग्रजीची सवय असलेले डिझायनर शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमध्ये मात्र इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत जाऊ नयेत. अक्षर मोठं ठेवा. आई चष्म्याशिवाय वाचेल इतकं.

शब्द तुम्ही घरात वापरता तेच ठेवा. गिलावा, कोबा, वाटा, उतार, नहाणी ट्रॅप. ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी शेजारी फोटो आहेच. भिंत आणि टेरेस मिळतात त्या कोपऱ्यात मारलेल्या गोल वाट्याचा फोटो, खाली "पाणी ह्या कोपऱ्यातून शिरतं, म्हणून इथं वाटा" एवढंच. "सर्वसमावेशक जलरोधक उपाययोजना" असलं काही लिहिलंत तर बाबा परत विचारतील, ह्यात आपलं काय आहे.

ओळंबा | रविवार, रात्री ९:२०

टाकसाळ काका, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. डोमेन आज घेतलं, स्वतःच्या नावावर. वहीत लिहून ठेवलं. शिरोलीकर दादांची आठवण झाली.

अभिप्रायांचं काय करू? नमुन्यात आधीच सहा अभिप्राय लिहून ठेवले होते, नुसती नावं घालायची बाकी. मला ते बरोबर वाटलं नाही.

कोडवाला | रविवार, रात्री १०:५०

बरोबर वाटलं नाही तेच बरं. खोटा अभिप्राय लिहिणं हे ग्राहकाला फसवणं आहे आणि गूगलच्या नियमांतही ते बसत नाही. साइटवर अभिप्राय लिहूच नका. गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, ते फुकट आहे. तुमचं दुकान नाही, लोकांच्या घरी जाऊन काम करता, म्हणून घरचा पत्ता लपवून नुसता सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. असे २० पर्यंत भाग टाकता येतात. राजारामपुरी, कसबा बावडा, फुलेवाडी, पाचगाव, इचलकरंजी, जिथं खरंच जाता तेवढेच टाका. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, त्यात हत्यारं, गाडी, चालू काम दाखवायचं.

काम संपलं की मालकाला अभिप्रायाची लिंक पाठवा. सवलत देतो, भेट देतो असं म्हणून मागायचं नाही, ते गूगलला चालत नाही. फक्त एक विनंती करा: काय काम होतं आणि किती दिवस लागले ते लिहा. "उत्तम सेवा" लिहिलेल्या दहा अभिप्रायांपेक्षा "खालच्या खोलीत ओल होती, दोन पावसाळे झाले, आता कोरडं आहे" हा एक फार मोठा. आणि तो दोन पावसाळ्यांनंतरच लिहिता येतो. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना आत्ता फोन करा. २०२२-२३ ला केलेली टेरेस आज कशी आहे, विचारा.

संपर्काचा फॉर्म नको. कुणी भरत नाही. मोठं बटण, दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल आणि आधीच लिहिलेलं असेल: "नमस्कार, आमचं घर ___ भागात आहे. काम: ___. फोटो पाठवतो." तो दुव्याचा प्रकार साधा आहे, मी करून देतो. शेजारी फोनचं बटण. काका लोक फोनच करतात.

सावलीतलं घर | सोमवार, सकाळी ७:५०

फोटोंबद्दल एक विनंती. घराच्या आतले फोटो लावायच्या आधी मालकाला विचारा, आणि होकार व्हॉट्सॲपवर लेखी घेऊन ठेवा. दारावरची पाटी, देव्हारा, कपाट, मुलांचे फोटो चौकटीत येऊ देऊ नका. आईबाबा एकटे राहतात, त्यांच्या घराची रचना सगळ्या जगाला कळावी असं मला वाटणार नाही. गल्लीचं नाव नको, भागाचं नाव पुरे.

ओळंबा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०

मंडळी, एका कामाचं पान लिहून तयार झालंय. साइटवर जसं आहे तसं खाली देतो. मालकांना वाचायला दिलं होतं, त्यांची हरकत नाही.

*राजारामपुरी. पहिल्या मजल्यावरचं बाथरूम, ७ फूट बाय साडेचार फूट. तक्रार: खालच्या खोलीच्या छताला ओल, रंग वर्षात दोनदा सुटला. आधी दोनदा वरून टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून झालं होतं.*

*फरशी काढल्यावर दिसलं की नहाणी ट्रॅपच्या (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती पोकळी होती, पाणी पाइपाच्या बाहेरून स्लॅबमध्ये उतरत होतं. भिंत फोडल्यावर जुना लोखंडी पाइपही गंजलेला निघाला. तो अंदाजात धरलेला नव्हता. काम थांबवून मालकांना बोलावलं, पाइप हातात दिला, नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपाचा खर्च सांगितला, त्यांनी होय म्हटल्यावर पुढं गेलो.*

*वॉटरप्रूफिंग करून बाथरूममध्ये ४८ तास पाणी भरून ठेवलं. पहिल्या वेळी खालच्या छताला ट्रॅपच्या जागी तळहाताएवढा डाग आला. तेवढा भाग उकरून परत केला, परत पाणी भरलं. दुसऱ्या वेळी कोरडं राहिलं. त्यानंतरच टाइल्स बसवल्या.*

*दिवस: १३ सांगितले होते, १६ लागले. खर्च: अंदाज १,२४,००० रुपये, झाला १,३८,०००. वाढलेले १४,००० पाइपाचे. एकूण रकमेतले ५२,००० टाइल्स आणि फिटिंगचे, ते मालकांनी थेट दुकानात दिले.*

बाबांना एकच गोष्ट खटकतेय. ते म्हणतात, पहिल्या वेळी डाग आला हे कशाला सांगायचं? लोक म्हणतील ह्यांना एका दमात जमत नाही.

आर्किताई | रविवार, रात्री ९:१५

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, ते वाक्य काढू नका. पाणी भरून बघतात कशासाठी? डाग यायचा असेल तर तो टाइल्स बसायच्या आधी यावा म्हणून. पाणी भरून न बघता टाइल्स बसवणारे कमी नाहीत. तुम्ही बघितलंत, सापडलं, परत केलंत. त्या पानावर मला सगळ्यात जास्त भरवसा तिथंच वाटला.

सावलीतलं घर | रविवार, रात्री १०:००

मीही हेच लिहिणार होते. डागाचा फोटो आहे का? असला तर लावा.

आणि १६ दिवस घरातली माणसं अंघोळीला कुठं जात होती, ते राहिलंय. वरवर साधं वाटतं, पण आई मला पहिल्यांदा तेच विचारेल.

ओळंबा | सोमवार, रात्री ९:५०

ताई, खरंच राहिलं. त्यांच्याकडं तळमजल्यावर मागं संडास-न्हाणी आहे, तिथं जात होते. ज्यांच्याकडं एकच बाथरूम आहे तिथं आम्ही काय करतो तेही लिहितो. कमोड शेवटच्या क्षणी काढायचा, मधल्या दिवसांत शेजारी किंवा नातेवाइकांकडं सोय आधी ठरवायची, आणि पाणी भरून ठेवायचे दिवस शनिवार-रविवारला जोडून घ्यायचे.

आज संध्याकाळी पान बाबांना परत वाचून दाखवलं, आर्किताईंचा निरोपही सांगितला. डागावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "४८ तास लिहिलायस ते चूक आहे. आपण सोमवारी सकाळी नऊला पाणी सोडलं आणि बुधवारी दुपारी दोनला काढलं. ५३ तास होतात. लिहायचं तर बरोबर लिही." मी म्हटलं, ४८ हा आपला नेहमीचा आकडा आहे. तर म्हणाले, "ते नेहमीचं. ह्या घरात ५३."

५३ केलंय. डागाचा फोटो बाबांच्याच फोनमध्ये सापडला, खालच्या खोलीत स्टुलावर चढून त्यांनी त्या दिवशी काढला होता, शेजारी माप कळावं म्हणून थापी धरलेली. तो पानावर सगळ्यात वर लावलाय.

आता टेरेसचं पान. मंगळवार पेठेतलं काम मार्चमध्ये सुरू होतंय, पावसाच्या आत संपवायचं आहे. जिन्याच्या दारात चपलेच्या उंचीवर खडूने खूण करून ठेवलीय, सगळे फोटो तिथूनच काढणार. कोडवाला दादा, ते व्हॉट्सॲपचं बटण तेवढं बघा.